‘कुकीज’ची पाळत आणि आपली संमती

शिरूर तालुक्यातील एखादा कांदा उत्पादक शेतकरी सकाळी चहाबरोबर मोबाइलवर बाजारभाव पाहतो. शिरूरच्या कांदा मार्केटमध्ये काल काय दर निघाला, दौंड तालुक्यातील केडगावला काय निघाला, पुण्याच्या आवारात आवक किती झाली, ही त्याची रोजची चौकशी. आदल्या रात्री त्याने विक्रीच्या एका संकेतस्थळावर ठिबक सिंचनाच्या संचाची किंमत पाहिलेली असते. त्याने काही खरेदी केलेले नसते, कोणाला नाव सांगितलेले नसते, मोबाइल क्रमांकही दिलेला नसतो. तरीही सकाळी बाजारभावाच्या पानावर ठिबकच्या संचाची जाहिरात झळकते. दुपारी क्रिकेटचा धावफलक पाहावा, तर तेथेही तीच. रात्री पंचांग उघडावे, तर तेथेही तीच.

दौंडहून पुण्याला रोज रेल्वेने ये-जा करणाऱ्या एखाद्या नोकरदार तरुणीचा अनुभवही याहून वेगळा नसतो. गाडीत बसल्या बसल्या ती एका आजाराविषयी वाचते. त्यानंतरचे काही दिवस तिच्या मोबाइलवर त्या आजारावरील औषधांच्या आणि तपासण्यांच्या जाहिराती दिसत राहतात. संध्याकाळी तोच मोबाइल धाकट्या भावाच्या हातात असतो. जी गोष्ट तिने घरात कोणालाही सांगितलेली नाही, ती अशा जाहिरातीमुळे घरात उघड होऊ शकते.

‘मोबाइल आपले बोलणे ऐकतो की काय?’ अशी शंका अशा वेळी हमखास बोलून दाखविली जाते. प्रत्यक्षात जाहिरातदाराला त्यासाठी काही ऐकण्याची गरजच पडत नाही. आपण कोणते पान उघडले, तेथे किती वेळ थांबलो आणि तेथून कोठे गेलो, याची नोंद ठेवणारी सोय ब्राउझरमध्ये फार पूर्वीपासून आहे. तिचे नाव ‘कुकी’. ही कुकी म्हणजे काय, ती कोण ठेवते आणि तिला आवर कसा घालायचा, हे समजून घेणे आता केवळ संगणकतज्ज्ञांचे काम राहिलेले नाही.

चप्पल स्टँडवरचा बिल्ला

संकेतस्थळे ज्या नियमांनुसार ब्राउझरशी संवाद साधतात, त्या नियमांना मुळात स्मरणशक्ती नाही. आपण एक पान मागितले, संकेतस्थळाने ते पाठविले, की व्यवहार संपला. पुढच्याच क्षणी दुसरे पान मागितले, तर मागणारा तोच आहे की दुसरा कोणी, हे संकेतस्थळाला कळत नाही. निव्वळ वाचण्यापुरती पाने असतील तर यात काही अडचण नाही. परंतु रेल्वेचे तिकीट काढायचे असेल किंवा बँकेच्या खात्यात शिरायचे असेल, तर प्रत्येक पानावर पुन्हा नव्याने ओळख पटवत बसावे लागेल.

ही अडचण कुकीने सोडविली. रांजणगावच्या महागणपतीच्या दर्शनाला जाताना आपण चप्पल स्टँडवर चपला ठेवतो, तेव्हा हातात एक बिल्ला पडतो. त्यावर फक्त क्रमांक असतो. आपले नाव, गाव, चपलांचा रंग यांपैकी काहीही त्यावर लिहिलेले नसते. दर्शन घेऊन परत आलो, बिल्ला दाखविला, की आपल्याच चपला आपल्याला मिळतात. कुकी म्हणजे असाच एक बिल्ला. संकेतस्थळ अक्षरे आणि आकडे असलेला मजकुराचा एक छोटा तुकडा ब्राउझरकडे देते. ब्राउझर तो जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक भेटीत त्या संकेतस्थळाला दाखवितो. एका कुकीचा आकार साधारण चार किलोबाइटच्या पुढे जात नाही. ती किती काळ टिकावी, हे संकेतस्थळच ठरविते. काही कुकीज ब्राउझर बंद करताच नाहीशा होतात, तर काही महिनोन् महिने राहतात.

कुकी हा विषाणू नव्हे. ती स्वतःहून काही चालवू शकत नाही, मोबाइलमधील छायाचित्रे उघडू शकत नाही किंवा संगणकातील फायलीही वाचू शकत नाही. बिल्ला आपल्या खिशात असतो, पण त्या क्रमांकापुढची नोंदवही स्टँडवाल्याकडे असते. कुकीचा सारा प्रश्न या नोंदवहीत आहे.

सोयीसाठी झालेला जन्म

कुकीचा जन्म १९९४ मध्ये अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत झाला. लू माँटुली या तेथील तरुण प्रोग्रामरने ती तयार केली. ग्राहकाने खरेदीच्या टोपलीत काय काय टाकले आहे, हे विक्रेत्याच्या संगणकावर साठवून न ठेवता कसे लक्षात ठेवायचे, हा प्रश्न त्या वेळी समोर होता. युनिक्स संगणकप्रणालीवर काम करणाऱ्यांमध्ये ‘मॅजिक कुकी’ हा शब्द आधीपासून रूढ होता. एका प्रोग्रामने दुसऱ्याला द्यायचा आणि पुढे जसाच्या तसा परत घ्यायचा खुणेचा तुकडा, असा त्याचा अर्थ. त्यावरूनच हे नाव आले. खाण्याच्या बिस्किटाशी त्याचा थेट संबंध नाही. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररनेही ही सोय स्वीकारली.

सामान्य वापरकर्त्याला मात्र याचा पत्ता नव्हता. ब्राउझर कोणालाही न विचारता कुकीज ठेवून घेत असे. लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’ने फेब्रुवारी १९९६ मध्ये याविषयी लेख छापला, तेव्हा कोठे या बिल्ल्यांची जाहीर चर्चा सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढेही हा विषय आला. विचारणा न करता खुणा ठेवण्याची सवय इंटरनेटला अशी अगदी सुरुवातीपासून लागली आहे.

आठ मंदिरे, एकच ठेकेदार

माँटुली यांच्या रचनेत एक महत्त्वाचे कुंपण होते. ज्या संकेतस्थळाने कुकी ठेवली, त्यालाच ती परत दाखवायची. रांजणगावचा बिल्ला थेऊरला चालत नाही, तसेच हे. मग ठिबकच्या विक्रेत्याची खबर बाजारभावाच्या पानापर्यंत पोहोचली कशी?

यासाठी अष्टविनायकाच्या यात्रेचीच कल्पना पुढे नेता येईल. समजा, मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर आणि रांजणगाव या आठही ठिकाणी चपला सांभाळण्याचे काम एकाच ठेकेदाराने घेतले आणि त्याने प्रत्येक भाविकाला सगळीकडे चालणारा एकच बिल्ला दिला. एकाही मंदिराने आपली माहिती दुसऱ्या मंदिराला दिलेली नाही. तरीही हा भाविक सकाळी थेऊरला होता, दुपारी रांजणगावला पोहोचला, संध्याकाळी ओझरला गेला आणि लेण्याद्रीला गेलाच नाही, हे सारे त्या ठेकेदाराला बसल्या जागी कळेल. भाविकाचे नाव त्याला ठाऊक नसेलही. पण ‘क्रमांक अमुक’ याची सगळी यात्रा त्याच्या वहीत उतरलेली असेल.

इंटरनेटवर नेमके हेच घडते. वृत्तपत्राचे किंवा पाककृतींचे एखादे पान उघडले, की त्यातील मजकूर त्या संकेतस्थळाचा असतो, पण जाहिरातीची चौकट, व्हिडिओ, ‘लाइक’चे बटण हे तुकडे इतर कंपन्यांच्या संगणकांवरून आलेले असतात. कधी कधी डोळ्यांना न दिसणारा एका ठिपक्याएवढा चित्राचा तुकडाही पानात बसविलेला असतो. हे तुकडे पाठविणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपला बिल्ला वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवण्याची संधी मिळते. आपण ज्या संकेतस्थळावर गेलो त्याने ठेवलेल्या कुकीला ‘फर्स्ट पार्टी’ म्हणजे प्रथम पक्षाची कुकी म्हणतात. या बाहेरच्यांनी ठेवलेली ती ‘थर्ड पार्टी’ म्हणजे तिसऱ्या पक्षाची कुकी. पाळत ठेवणाऱ्या ‘ट्रॅकिंग कुकीज’ प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

हा धोका तेव्हाच्या जाणकारांच्या लक्षात आला नव्हता, असे नाही. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरविणाऱ्या मंडळाने फेब्रुवारी १९९७ मध्ये कुकीजविषयीचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. तिसऱ्या पक्षाच्या कुकीज वापरकर्त्याने मुद्दाम मुभा दिल्याखेरीज स्वीकारल्या जाऊ नयेत, असा त्याचा आशय होता. तेव्हाच्या दोन्ही प्रमुख ब्राउझरांनी तो पाळला नाही. तोपर्यंत जाहिरातीचा धंदा या बिल्ल्यांवर उभा राहू लागला होता. या धंद्यातील आघाडीची डबलक्लिक ही कंपनी ३.१ अब्ज डॉलरना विकत घेण्याची घोषणा गूगलने २००७ मध्ये केली आणि २००८ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला.

पापणी लवण्याआधीचा लिलाव

आज जाहिरातीची जागा विकण्याची पद्धत बाजार समितीतील लिलावासारखीच आहे. फरक एवढाच, की येथे बोली कांद्यावर लागत नाही, वाचकाच्या नजरेवर लागते. आपण पान उघडले, की त्यावरील रिकाम्या चौकटीची खबर जाहिरात-बाजाराला जाते. सोबत आपल्या बिल्ल्याचा क्रमांक, मोबाइलचा प्रकार, अंदाजे ठिकाण अशी माहिती जाते. वेगवेगळ्या कंपन्या आपापल्या नोंदवह्यांतील क्रमांक एकमेकांशी जुळवून ठेवतात. ‘हा वाचक दोन दिवसांपूर्वी ठिबकचे दर पाहून गेला’ हे ज्या जाहिरातदाराला कळते, तो जास्त बोली लावतो. हा सगळा लिलाव सेकंदाच्या एका छोट्या अंशात, पान पडद्यावर उमटण्याआधी पूर्ण होतो.

हे कारखाने केवळ अमेरिकेतच आहेत, असा समज करून घेण्याचे कारण नाही. संकेतस्थळांच्या वतीने जाहिरातीच्या जागा लिलावात उभ्या करणारी पबमॅटिक ही कंपनी २००६ मध्ये स्थापन झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात नोंदली गेली. तिचे मोठे अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे. शिरूर आणि दौंडमधील तरुण ज्या पुण्यात संगणकाचे शिक्षण घ्यायला येतात, त्याच शहरात या लिलावाची यंत्रणाही घडते.

या व्यवहाराची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. बाजारभाव, हवामान, बातम्या, परीक्षांचे निकाल हे वाचकाला फुकट मिळते, त्याचा बराचसा खर्च जाहिरातींतून भागतो. वृत्तपत्रांची संकेतस्थळेही याला अपवाद नाहीत. जाहिरात दाखविणे हा गुन्हा नव्हे. ठिबकविषयीच्या लेखाशेजारी ठिबकची जाहिरात असणे तर स्वाभाविकच आहे. वाचकाच्या मागोमाग प्रत्येक पानावर जाऊन त्याची वही भरत राहणे आणि त्याला याची कल्पनाही न देणे, हा मात्र आक्षेपाचा विषय आहे.

धोका कोणाला?

‘आमच्याकडे लपविण्यासारखे आहे तरी काय?’ असा प्रश्न यावर विचारला जातो. ठिबकच्या जाहिरातीने कोणाचे फारसे बिघडत नाही, हे खरे. पण हीच यंत्रणा माणसाची अडचणही ओळखते. मुलीचे लग्न ठरले आहे, पिकाचे पैसे अजून हातात आलेले नाहीत आणि कोणी रात्री ‘तातडीचे कर्ज’ शोधतो, तर पुढचे कित्येक दिवस त्याच्यासमोर झटपट कर्जाच्या जाहिराती येत राहतात. अशा कर्जांच्या ॲपमधून होणाऱ्या छळाच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी करावी लागली. कर्जदाराच्या मोबाइलमधील संपर्क यादी आणि छायाचित्रे यांना हात लावू नये, असे त्यांत बजावण्यात आले. अडलेल्या माणसाच्या दारात सावकार आपोआप येऊन उभा राहावा, अशी सोय पाळतीच्या जाहिरातींमुळे होते.

आणखी एक धोका सामाईक उपकरणांचा. एकच मोबाइल घरातील तिघे-चौघे वापरतात. एकाने काय शोधले, हे जाहिरातींमुळे दुसऱ्याला कळते. सातबाऱ्याचा उतारा, भरतीचा अर्ज, शिष्यवृत्ती यांसाठी अनेकांना महा ई-सेवा केंद्राच्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर बसावे लागते. तेथे ‘लॉग आउट’ न करता उठणाऱ्याची ओळख पटविणारी कुकी त्या संगणकातच राहते. ती पाळतीची कुकी नव्हे, साधी प्रथम पक्षाची कुकी असते. पण मागून बसणाऱ्याला तिच्या जोरावर आधीच्या माणसाचे खाते उघडे सापडू शकते. बिल्ला दुसऱ्याच्या हाती पडला, तर चपलाही त्याच्याच पायात जायच्या!

युरोपात विचारणा, शिरूरला मौन

युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात कुकीजचा विचार केला आणि २००९ च्या दुरुस्तीने आधी संमती घेण्याचा नियम आणला. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या ‘जीडीपीआर’ या कायद्याने संमती कशाला म्हणायचे, हे आणखी काटेकोर केले. चौकटीत आधीच खूण करून ठेवणे म्हणजे संमती नव्हे, असा निवाडा युरोपच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये दिला. कुकीज स्वीकारणे जितके सोपे, तितके नाकारणे सोपे ठेवले नाही, म्हणून फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड ठोठावल्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केले.

याचा परिणाम एका साध्या उदाहरणातून लक्षात येईल. शिरूरमधील आई-वडील आणि जर्मनीत नोकरी करणारा त्यांचा मुलगा एकच संकेतस्थळ उघडतात. मुलासमोर परवानगी विचारणारी पाटी येते. आई-वडिलांसमोर अनेकदा काहीच येत नाही, कारण कित्येक संकेतस्थळे जेथे कायदा विचारायला लावतो, तेथेच विचारतात. क्वचित पाटी आलीच, तर ती इंग्रजीत असते. ‘ॲक्सेप्ट ऑल’ हे बटण ठळक रंगात असते आणि नकाराची वाट बारीक अक्षरांत दडविलेली असते. बातमीवर आलेली पाटी दूर करण्यासाठी वाचक ठळक बटण दाबतो. ज्याला प्रश्नच कळला नाही, त्याचे ‘होय’ हे संमती कसे मानायचे?

मराठीत विचारण्याचे बंधन

भारतात या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले आहे, पण ते अंमलात यायला वेळ आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरील प्रमुख जबाबदाऱ्यांसाठी नियमांत अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. तिच्या हिशेबाने त्या मे २०२७ मध्ये लागू होतात.

या कायद्यात ‘कुकी’ हा शब्द कोठेही नाही. मात्र ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते, ती कोणत्याही मार्गाने गोळा केली तरी कायद्याच्या कक्षेत येते. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी, ती स्पष्ट कृतीतून दिलेली असावी, असे कायदा सांगतो. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे. मुलांवर, म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तींवर पाळत ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविणे यांना कायद्याने मनाई केली आहे. त्यातून सूट देण्याचा अधिकार सरकारकडे असला, तरी मुलांविषयीच्या जबाबदाऱ्यांचा भंग केल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची तरतूद भाषेची आहे. माहिती का आणि कशासाठी घेतली जात आहे, हे सांगणारी सूचना आणि संमतीची मागणी इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. या अनुसूचीत २२ भाषा आहेत आणि मराठी त्यांपैकी एक आहे. ही तरतूद अंमलात आल्यावर शिरूरच्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत विचारावे लागेल. ती कागदावरच राहू द्यायची नसेल, तर वाचकांनी तिची मागणी करीत राहिले पाहिजे.

ब्राउझरांची वेगवेगळी धोरणे

तोपर्यंत कंपन्या स्वतःहून पाळत थांबवतील, ही आशा फारशी फळाला आलेली नाही. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून तिसऱ्या पक्षाच्या सर्व कुकीज रोखल्या. मोझिलाच्या फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ पासून ओळखीच्या पाळत-कुकीज आपोआप अडविण्यास सुरुवात केली आणि जून २०२२ पासून संगणकावर प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज वेगवेगळ्या कप्प्यात ठेवण्याची पद्धत सर्वांसाठी लागू केली. आठ मंदिरांत एकच बिल्ला चालू द्यायचा नाही, असा हा उपाय.

भारतात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या गूगलच्या क्रोमने मात्र घूमजाव केले. तिसऱ्या पक्षाच्या कुकीज दोन वर्षांत बंद करू, अशी घोषणा गूगलने जानेवारी २०२० मध्ये केली. ही मुदत वारंवार पुढे गेली. जानेवारी २०२४ मध्ये एक टक्का वापरकर्त्यांवर प्रयोग झाला, जुलै २०२४ मध्ये बेत बदलला आणि एप्रिल २०२५ मध्ये कुकीजबाबतची सध्याची पद्धतच कायम राहील, असे कंपनीने जाहीर केले. म्हणजे क्रोम वापरणाऱ्याने स्वतः कडी लावली नाही, तर दार उघडेच राहते.

आपल्या हातात काय आहे?

ही कडी लावायला पाच मिनिटे पुरतात. मोबाइलवरील क्रोममध्ये वरच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर बोट ठेवून ‘सेटिंग्ज’ उघडावे. तेथून संकेतस्थळांसंबंधीच्या सेटिंग्जमध्ये गेल्यास तिसऱ्या पक्षाच्या कुकीजचा पर्याय दिसतो. त्या रोखण्याची खूण करावी. संगणकावर हाच पर्याय गोपनीयता आणि सुरक्षेच्या विभागात असतो. यामुळे नेहमीची बहुतेक संकेतस्थळे पूर्वीसारखीच चालतात. एखाद्या संकेतस्थळाचे काम अडले, तर तेवढ्यापुरती मुभा देता येते. सर्वच कुकीज बंद करण्याच्या फंदात मात्र पडू नये. तसे केल्यास बँक, रेल्वे आरक्षण, सरकारी अर्ज यांपैकी काहीही धड चालणार नाही.

कडी लावण्यापूर्वी आत आलेले पाहुणेही बाहेर काढावे लागतात. क्रोमच्या त्याच सूचीत ब्राउझिंगची माहिती पुसण्याचा पर्याय आहे. तेथे कालावधी ‘सुरुवातीपासून’ निवडून कुकीज पुसाव्यात. साठविलेले पासवर्ड पुसण्याची खूण नजरचुकीने होणार नाही, याची काळजी घ्यावी. कुकीज पुसल्यावर बहुतेक संकेतस्थळांवर पुन्हा लॉग इन करावे लागते. म्हणून आवश्यक पासवर्ड हाताशी असल्याखेरीज हे काम करू नये.

परवानगीची पाटी आली, तर घाईने ठळक बटण दाबण्याऐवजी ‘रिजेक्ट ऑल’ शोधावे. ते न दिसल्यास ‘मॅनेज’ किंवा ‘सेटिंग्ज’ असे लिहिलेल्या बटणाआड नकाराचा पर्याय बहुधा सापडतो. काही पाट्यांमध्ये ‘लेजिटिमेट इंटरेस्ट’ या नावाखाली आधीच चालू करून ठेवलेली बटणे असतात. तीही बंद करावीत.

मोबाइलवरील ॲपचा हिशेब वेगळा आहे. ॲपमध्ये कुकीजऐवजी प्रामुख्याने मोबाइलला दिलेला जाहिरात-क्रमांक वापरला जातो. ब्राउझरमधील कुकीज कितीही पुसल्या तरी तो तसाच राहतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये गूगलच्या विभागात जाहिरातींचा पर्याय असतो. तेथून हा क्रमांक काढून टाकता येतो. आयफोनवर एप्रिल २०२१ पासून इतर कंपन्यांच्या ॲप आणि संकेतस्थळांवर माग काढण्यापूर्वी ॲपला विचारावे लागते. तेथे नकार द्यावा.

सेवा केंद्रातील किंवा कोणत्याही परक्या संगणकावर बसण्यापूर्वी ब्राउझरची ‘इन्कॉग्निटो’ म्हणजे खासगी खिडकी उघडून घ्यावी. काम संपल्यावर लॉग आउट करून खिडकी बंद करावी. खासगी खिडक्या बंद होताच त्यांतील कुकीज पुसल्या जातात. घरातील सामाईक मोबाइलवर आजारपण, कर्ज यांसारख्या नाजूक विषयांची माहिती शोधतानाही हीच पद्धत बरी. मात्र खासगी खिडकीमुळे इंटरनेट कंपनीपासून किंवा ज्या संकेतस्थळावर गेलो त्याच्यापासून आपण अदृश्य होतो, असा गैरसमज नसावा.

या उपायांनाही मर्यादा आहेत. जाहिराती बंद होणार नाहीत, फक्त त्या पाठलाग कमी करतील. गूगल किंवा फेसबुकवर स्वतःच्या खात्याने लॉग इन केले असेल, तर त्या कंपन्यांना त्यांच्या संकेतस्थळांवरील आपली हालचाल कुकीवाचूनही कळते. पडद्याचा आकार, अक्षरवळणे, ब्राउझरची आवृत्ती अशा खुणा एकत्र करून ठशासारखी ओळख पटविण्याचे तंत्रही वापरात आहे. तरीही दाराला कडी असणे आणि नसणे, यात फरक आहेच.

चप्पल स्टँडवरचा बिल्ला वाईट नव्हे. तो नसता तर गर्दीत चपला सापडल्या नसत्या. दर्शन घेऊन परतताना आपण तो देऊन टाकतो, म्हणून त्याचे ओझे वाटत नाही. इंटरनेटवरील बिल्ले मात्र खिशात तसेच राहतात, आणि ते कोणी ठेवले हेदेखील ठाऊक नसते. आपल्याच भाषेत विचारणा होण्याचा दिवस येईल तेव्हा येवो. तोपर्यंत अधूनमधून खिसे झटकण्याची सवय प्रत्येकाने लावून घेतलेली बरी.